महामार्गावरील वेग आणि मोटारगाडीचे कंपन : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : चाकाचा तोल, वारंवारिता, अनुस्पंदन, काँक्रीटचा रस्ता, किनारी हवामान

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा पुढे तीन दशकांहून अधिक काळ प्रामुख्याने एका दुपदरी रस्त्यावर अवलंबून होता. तो रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. १७ होय. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि तो क्र. ६६ झाला, परंतु वळणे, चढउतार, बाजारपेठांतून जाणारा रस्ता आणि समोरून येणारे ट्रक हे सारे तसेच राहिले. मालवणहून कट्टामार्गे कसालला किंवा धामापूरमार्गे कुडाळला जाऊन महामार्ग गाठणाऱ्या मोटारगाडीला ताशी साठ किलोमीटरच्या पुढे सलग पाच मिनिटे धावण्याची संधी क्वचितच मिळत असे. गोव्याकडील झाराप ते पत्रादेवी हा टप्पा आधी चौपदरी झाला. त्यानंतर खारेपाटण, कणकवली, ओरोस, कुडाळ या पट्ट्यातही रुंद आणि दुभाजक असलेला काँक्रीटचा रस्ता आला. ऐंशी-नव्वदचा वेग ही आता जिल्ह्यातील सर्वसामान्य गोष्ट झाली आहे.

या बदलाबरोबर गॅरेजमध्ये येणारी एक तक्रारही वाढत्या प्रमाणात ऐकू येऊ लागली : "ऐंशीच्या वर गेल्यार स्टेरिंग थरथरता." तक्रार करणाऱ्याचा समज बहुधा असा असतो की, गाडी नुकतीच बिघडली. वस्तुस्थिती पुष्कळदा वेगळी असते. दोष गाडीत आधीपासूनच असतो. जुन्या रस्त्यावर तो प्रकट होईल इतका वेगच गाडीला मिळत नव्हता. ही एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे निदानाची दिशा बदलते. 'काल काय मोडले?' या प्रश्नाऐवजी 'हे कंपन कोणत्या वेगाला, कोठे आणि कोणत्या कृतीने बदलते?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कंपन हे एक प्रकारचे निवेदन असून ते नीट ऐकले तर कोणता भाग तपासावा हे सुटे भाग बदलण्यापूर्वीच बव्हंशी कळू शकते. प्रस्तुत लेखात या निदानपद्धतीचे विवेचन केले असून किनारी कोकणातील परिस्थितीमुळे उद्भवणाऱ्या कारणांवर विशेष भर दिला आहे.

कंपनाचे गणित

लहान मोटारगाड्यांत प्रचलित असलेल्या १६५/८० आर १४ या मापाच्या टायरचे उदाहरण घेऊ. रिमचा व्यास १४ इंच, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर. त्यात टायरच्या बगलेची दोन्ही बाजूंची उंची, म्हणजे १६५ च्या ८० टक्क्यांची दुप्पट, २६४ मिलिमीटर मिळवली की बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटर येतो. परीघ होतो सुमारे १.९५ मीटर. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. यावरून चाक सेकंदाला जवळजवळ तेरा फेरे घेते. ताशी ४० ला हीच संख्या सहाच्या खाली आणि १०० ला चौदाच्या किंचित वर असते.

आता या चाकाच्या रिमच्या कडेला, केंद्रापासून १८ सेंटिमीटरवर, ३० ग्रॅम वजन एका बाजूला अधिक आहे असे मानू. स्थिर उभ्या गाडीत ते नगण्य होय. परंतु चाक फिरू लागले की या वजनामुळे केंद्रोत्सारी बल निर्माण होते आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ला ते सुमारे ७ न्यूटन, म्हणजे पाऊण किलोच्या ओढीइतकेही नसते. ताशी ९० ला तेच ३५ न्यूटन होते. साडेतीन किलो वजनाचा हिसका चाकाला सेकंदाला तेरा वेळा, कधी वर, कधी पुढे, कधी खाली, कधी मागे बसत राहतो. वेग सव्वादोन पट झाला तर बल पाचपट झाले. जुन्या रस्त्यावर दोष का लपून राहिला याचे पहिले उत्तर येथे मिळते.

दुसरे उत्तर अनुस्पंदनात आहे. प्रत्येक लवचीक रचनेची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारिता असते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्के दिले तर थोड्या बळानेही तो उंच जातो, तसेच हे आहे. स्प्रिंगांवर तोललेल्या गाडीच्या सांगाड्याची नैसर्गिक वारंवारिता एक ते दीड हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक-दीड आंदोलन इतकी मंद असते. मात्र टायरच्या लवचीकपणावर उभे असलेले चाक आणि त्याला जोडलेला आस, ब्रेक इत्यादी भाग यांची वारंवारिता सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा हर्ट्झ असते. वरील टायर ताशी ७० ते १०५ या वेगांत नेमके सेकंदाला दहा ते पंधरा फेरे घेतो. म्हणजे चाकातील लहानशा दोषाला प्रतिसाद देण्यास संपूर्ण रचना ज्या वेगाला सर्वाधिक उत्सुक असते, तोच आजच्या महामार्गाचा वेग आहे. ऐंशीला सुरू झालेली थरथर कधी कधी शंभरजवळ कमी होते, त्याचे कारणही हेच. बल वाढलेले असते, परंतु लय जुळण्याचा टप्पा मागे पडलेला असतो. अशा वेळी 'वेग वाढवला की गाडी ठीक चालते' असा निष्कर्ष काढून त्यावर विसंबणारे चालक आढळतात. तो निष्कर्ष धोक्याचा आहे हे वेगळे सांगावयास नको.

हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. १९२० च्या दशकात कमी दाबाचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक प्रचारात आले, तेव्हा पुढची चाके डावी-उजवीकडे लटपटण्याचा विकार युरोप-अमेरिकेतील अभियंत्यांना फार सतावू लागला होता. पुढच्या चाकांना स्वतंत्र झोके देणारी रचना रूढ होण्यास जी कारणे घडली त्यांत या विकाराचाही वाटा आहे.

आधी रस्ता, मग गाडी

निदानाची पहिली पायरी गाडीबाहेरची आहे. काँक्रीटचा रस्ता अखंड नसतो. तापमानाने होणाऱ्या आकुंचन-प्रसरणासाठी त्यात ठरावीक अंतरावर आडवे सांधे ठेवावे लागतात आणि आपल्याकडे हे अंतर साधारण साडेचार मीटर असते. ताशी ९० च्या वेगाने जाताना सेकंदाला पाच-सहा सांधे चाकाखालून जातात व 'टक् टक्' असा नियमित ठेका जाणवतो. त्यांची भर नीट केलेली नसेल किंवा लगतच्या दोन लाद्यांत उंचीचा फरक पडला असेल, तर हा ठेका आसनापर्यंत पोहोचतो. शिवाय पाणी निचरून जावे आणि पकड राहावी म्हणून पृष्ठभागावर आडव्या बारीक खाचा पाडतात. त्यांतून टायरचा घुमणारा आवाज निर्माण होतो. डांबरी रस्त्याची सवय असलेल्या माणसाला हे दोन्ही प्रथमच अनुभवास आल्यास गाडीत बिघाड वाटणे स्वाभाविक आहे.

फरक ओळखणे मात्र अवघड नाही. मार्गिका बदलल्यावर, पूल लागल्यावर किंवा डांबरी तुकडा आल्यावर कंपनाचे रूप बदलत असेल तर ते रस्त्याचे. सर्व पृष्ठभागांवर एकाच वेगाला तेच कंपन येत असेल तर ते गाडीचे. ताशी नव्वदला सेकंदाला पाच-सहा ठोके आणि सेकंदाला तेरा थरथरी यांतील भेद तर सवयीने हातालाच कळतो. ज्यांना मोजूनच पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी स्मार्टफोनमध्ये गती-संवेदक असतो व वारंवारिता दाखवणारी साधी अॅप उपलब्ध आहेत. फोन गाडीच्या फरशीवर घट्ट ठेवून शेजारी बसलेल्या व्यक्तीने नोंद घ्यावी. हे काम चालकाने करू नये. वेगही जीपीएसवरून घेतलेला बरा, कारण डॅशबोर्डवरील काटा प्रत्यक्षाहून थोडा अधिक वेग दाखवतो.

वारंवारिता हाती आली की शोधाचे क्षेत्र झपाट्याने आकुंचित होते. चाकाच्या फेऱ्यांइतकीच वारंवारिता असेल तर दोष चाक, टायर, हब किंवा ब्रेकची तबकडी यांपैकी एकात आहे. तिच्या दुप्पट असेल तर टायर लंबगोल झाल्याची शंका घ्यावी. मागची चाके फिरवणाऱ्या जीपसदृश गाड्यांत आणि व्हॅनमध्ये प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चारपट वेगाने फिरतो. तेव्हा सेकंदाला चाळीस-पन्नास इतके बारीक, पायाखाली गुणगुणल्यासारखे कंपन त्या शाफ्टकडे बोट दाखवते, आणि त्याची दुप्पट लय असेल तर शाफ्टचे क्रॉस झिजलेले असण्याचा संभव असतो. इंजिनाचे कंपन वेगाशी बांधलेले नसून इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेले असते. तोच वेग कायम ठेवून पाचव्याऐवजी चौथा गिअर टाकला असता कंपन बदलले, तर चाकांना दोष देण्याचे कारण उरत नाही. इंजिनाची रबरी माउंटिंगे पाहावीत.

चालवताना करावयाच्या कसोट्या

पुढील कसोट्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर आणि वेगमर्यादेच्या आत करावयाच्या आहेत. गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागलेली असताना त्यांचा विचारही करू नये.

थरथर कोठे जाणवते हे प्रथम पाहावे. स्टीअरिंगच्या चक्रात ती स्पष्ट असेल तर दोष पुढच्या चाकांत आणि आसनात किंवा फरशीत असेल तर मागच्या चाकांत असण्याची शक्यता अधिक. हा नियम निरपवाद नाही, तथापि आरंभबिंदू म्हणून तो विश्वसनीय आहे.

दुसरी कसोटी क्लचची. ज्या वेगाला कंपन येते तेथे अॅक्सिलरेटर सोडून क्लच पूर्ण दाबावा. इंजिन मंद फेऱ्यांवर येते, गाडी मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. कंपन तसेच राहिले तर उगम चाकांकडे. थांबले तर इंजिन किंवा शक्ती वाहून नेणाऱ्या भागांकडे. हे करताना चावी फिरवून इंजिन बंद करण्याचा प्रयोग कदापि करू नये. इंजिन बंद पडताच स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन वेळा ब्रेक दाबताच संपते. केवळ वेग वाढवताना, म्हणजे जोर लावतानाच गाडी डुलत असेल आणि अॅक्सिलरेटर सोडताच शांत होत असेल, तर पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या सांध्याची झीज संभवते. वळताना 'कट् कट्' वाजणारा तो बाहेरचा सांधा. दोहोंची गल्लत करू नये.

तिसरी कसोटी ब्रेकची. एरवी गाडी शांत असते आणि ब्रेक दाबताच पेडल व स्टीअरिंग थरथरते, असे असेल तर ब्रेकच्या तबकड्या पाहाव्यात. 'तबकडी वाकली' असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक ती क्वचितच वाकते. तिची जाडी जागोजागी कमीजास्त झालेली असते किंवा पॅडचा थर एखाद्या ठिकाणी अधिक चिकटलेला असतो. कोल्हापूरहून फोंडा, करूळ किंवा आंबोलीच्या घाटाने उतरणाऱ्या गाड्यांत याचे एक कारण सहज सापडते. खालच्या गिअरचा उपयोग न करता अखंड ब्रेकवर घाट उतरला जातो, तबकड्या तापतात, आणि पायथ्याशी चहाला थांबताना चालक ब्रेकवर पाय दाबून धरतो. तापलेल्या तबकडीवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढच्या सपाट रस्त्यावर प्रत्येक ब्रेकला तो ठसा हाताला जाणवतो.

चौथी कसोटी चाके बदलून पाहण्याची. तिला जॅक आणि पाना यांपलीकडे काही लागत नाही, तरीही ती सर्वांत कमी केली जाते. पुढची चाके त्याच बाजूला मागे आणि मागची पुढे लावावीत. स्टीअरिंगमधील थरथर आसनात गेली, तर दोष चाकाबरोबर मागे गेला. म्हणजे तो रिममध्ये किंवा टायरमध्ये आहे. थरथर स्टीअरिंगमध्येच राहिली, तर हब, तबकडी, सांधे यांकडे वळावे. अर्ध्या तासाच्या या श्रमाने हजारो रुपयांचे अनावश्यक सुटे भाग वाचू शकतात.

तोल, गोलाई आणि संरेखन

व्हील बॅलन्सिंग आणि व्हील अलाइनमेंट हे दोन शब्द जोडीनेच उच्चारले जातात, त्यामुळे ते एकच काम असल्याचा समज दृढ झाला आहे. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतात. त्यामुळे थरथर सहसा उत्पन्न होत नाही. कंपनाच्या तक्रारीवर प्रथम अलाइनमेंटचे पैसे भरणे म्हणजे तापासाठी चष्म्याचा नंबर तपासण्यासारखे होय.

बॅलन्सिंगमध्येही दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. चाकाची एक बाजू नुसती जड असेल तर ते वरखाली उडते. हा स्थिर असमतोल होय. रिमच्या आतल्या कडेला एका दिशेने आणि बाहेरच्या कडेला विरुद्ध दिशेने वजन अधिक असेल तर चाक उडत नाही, डोलते. आणि हे डोलणेच स्टीअरिंगमध्ये विशेष जाणवते. म्हणून यंत्र आतली व बाहेरची अशी दोन निरनिराळी वजने सांगते. अलॉय चाकांचे रूप बिघडू नये म्हणून केवळ आतून एकाच रेषेत चिकटवजने लावण्याचा आग्रह काही मालक धरतात. त्यात दुसरा असमतोल शिल्लक राहू शकतो.

यंत्राने शून्य दाखवले, याचा अर्थ चाक गोल आहे असा मात्र होत नाही. खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली असेल किंवा टायर एका ठिकाणी अधिक ताठ झाला असेल, तर वजने लावून तोल साधता येतो, परंतु गाडीच्या भाराखाली असे चाक प्रत्येक फेऱ्यात एकदा उचलले जाते. याची साधी परीक्षा अशी : गाडी सुरक्षितपणे टेकूवर घेऊन चाक मोकळे करावे, रिमच्या कडेजवळ एखादी पट्टी स्थिर धरावी आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. पट्टी आणि रिम यांमधील फट एक-दीड मिलिमीटरहून अधिक बदलत असेल तर रिम संशयास्पद मानावी. हीच परीक्षा टायरच्या नक्षीवरही करावी. दुसरी एक पडताळणी बॅलन्सिंग करणाऱ्याकडून मागून घेता येते. शून्य आल्यावर चाक यंत्रावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावे आणि मोजावे. आकडा लक्षणीय बदलला तर चाक यंत्रावरच मध्यभागी बसलेले नव्हते.

बाजारातून आणलेल्या अलॉय चाकांचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर मध्ये योग्य मापाची कडी बसवावी लागते. ती नसली की चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्यभागी राहते. बहुधा राहत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरसाठी ओतलेला द्रव एका जागी साचूनही असेच कंपन येते. पंक्चर काढण्यासाठी टायर रिमवरून उतरवला असेल तर पुन्हा बॅलन्सिंग करणे आवश्यक असते, हेही पुष्कळांच्या गावी नसते.

शॉक अॅब्सॉर्बर, टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट आणि रबरी बुश यांचे स्थान वेगळे आहे. हे भाग कंपन निर्माण करत नाहीत, ते आवरतात. बॅलन्सिंगनंतर महिनाभर बरे वाटून थरथर परत येत असेल, किंवा केवळ दहा-पंधरा ग्रॅमच्या फरकाने स्टीअरिंग थरथरत असेल, तर आवरणारे भाग सैल झाले असे समजावे.

किनारपट्टीची खास कारणे

वाहनदुरुस्तीची पाठ्यपुस्तके बहुधा कोरड्या हवामानातील गाडी गृहीत धरतात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मालवण, देवगड, वेंगुर्ले येथे खारा वारा बारमाही. त्यामुळे येथील कारणांचा क्रम थोडा निराळा लागतो.

पहिले कारण जांभ्याची माती. चिरेखाणीकडे जाणारा रस्ता असो की घरापर्यंतची पाणंद, पावसाळ्यात तांबडा चिखल रिमच्या आतल्या बाजूस जाऊन बसतो आणि उघडीप पडताच विटेसारखा घट्ट होतो. बाहेरून गाडी धुतली तरी तो दिसत नाही. शंभर ग्रॅम चिखल, म्हणजे साधी मूठभर माती, केंद्रापासून सोळा सेंटिमीटरवर असेल तर ताशी ९० ला सुमारे १०४ न्यूटन बल निर्माण करते; दहा किलोचा हिसका म्हणता येईल. एका पावसाळी दिवसात अचानक सुरू झालेल्या कंपनाचे कारण प्रथम येथे शोधावे. याची दुसरी बाजू अधिक मनोरंजक आहे. चिखलासकट चाक यंत्रावर चढवले तर यंत्र चिखलाचाही तोल साधते. माती पुढे कधीतरी गळून पडते, तिला तोलणारी वजने मात्र जागेवरच राहतात, आणि बॅलन्सिंग केलेले चाक बॅलन्सिंगमुळेच थरथरू लागते. म्हणून चाक आतून खरवडून, धुऊन मगच यंत्रावर द्यावे. बॅलन्सिंग करणाऱ्याने ते केले नाही तर मालकाने स्वतः करावे, त्यात कमीपणा मानू नये.

दुसरे कारण गंज. हब आणि रिम यांच्या मिळत्या पृष्ठभागावर गंजाचा पापुद्रा धरतो. चाक बदलताना तो एका बाजूला राहिला की चाक अंशभर तिरके बसते. केंद्राजवळचा अर्धा मिलिमीटर टायरच्या कडेला दोन मिलिमीटरच्या आसपास होतो. तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करणे हा उपाय पाच मिनिटांचा आहे. ब्रेकच्या तबकडीवरही पावसात उभ्या गाडीत एका रात्रीत गंज येतो. तो वरवरचा असतो व चार-पाच वेळा ब्रेक लावताच जातो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर मात्र पॅडखालचा भाग झाकलेला राहून भोवती गंज खोल जातो व तबकडीवर पॅडच्या आकाराचा डाग कायमचा पडतो.

तिसरे कारण गाडी उभी राहणे, आणि जिल्ह्यात हे फार व्यापक आहे. मुंबईत राहणाऱ्यांनी गावी ठेवलेली गाडी मे महिना, गणपती आणि शिमगा एवढ्यापुरतीच चालते. मधल्या काळात टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये थरथर जाणवून टायर तापल्यावर ती नाहीशी होत असेल, तर निदान येथेच संपते. हवा कमी असताना गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर चपटेपणा परत भरून येत नाही. अशा गाड्यांत आणखी एक फसवणूक असते. मीटरवर किलोमीटर थोडे, नक्षी नव्यासारखी, म्हणून टायर चांगला मानला जातो. टायरच्या बगलेवरील चार अंकी आकडा वाचावा : पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१६' म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. ऊन, खारी हवा आणि वय यांनी रबर आतून कडक होते. नक्षीची खोली त्याची साक्ष देत नाही.

तत्काळ थांबावे अशी कंपने

वर वर्णिलेली बहुतेक कंपने त्रासदायक असली तरी चार दिवस थांबू शकतात. तीन मात्र थांबू शकत नाहीत.

टायरमधील पोलादी तारांचा पट्टा रबरापासून सुटू लागला की एका जागी फुगवटा येतो. त्याची खूण अशी की, हे कंपन महामार्गाची वाट पाहत नाही. ताशी तीस-चाळीसलाच गाडी लंगडल्यासारखी डोलते आणि दिवसागणिक डोलणे वाढते. हाताने टायर चाचपला तर उंचवटा लागतो. असा टायर वेगात फुटतो. त्याचे बॅलन्सिंग करून घेणे हा पैशाचा अपव्यय तर आहेच, त्याहून ती धोक्याची सूचना पुसून टाकणे आहे.

बेअरिंगचा बिघाड कंपनापेक्षा आवाजाने अधिक ओळखता येतो. जात्यासारखी घरघर वेगाबरोबर वाढते आणि स्टीअरिंग किंचित डावीकडे वा उजवीकडे वळवताच बदलते, कारण वळताना भार बाहेरच्या बाजूच्या चाकावर जातो. डावीकडे वळताना आवाज वाढला तर उजवे बेअरिंग तपासावे. काँक्रीटच्या खाचांचा घुमणारा आवाज ही घरघर झाकून टाकतो. म्हणून ही परीक्षा डांबरी रस्त्यावर करणे इष्ट.

तिसरे आणि सर्वांत गंभीर कंपन सैल नटांचे आहे. चाक बदलल्यानंतर, पंक्चर काढल्यानंतर किंवा बॅलन्सिंगनंतर त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी सुरू झालेली आणि दर किलोमीटरला वाढणारी थरथर ही अन्य काही सिद्ध होईपर्यंत सैल नटांचीच मानावी. गाडी बाजूला घेऊन, कट्टा किंवा कसाल गाठण्याचा मोह टाळून, तेथल्या तेथे पाना लावून पाहावा. नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत, म्हणजे चाक हबवर सपाट बसते. लहान मोटारगाड्यांसाठी हा जोर साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. गंजलेल्या हबवर चाक लावले असेल तर पापुद्रा चुरून नट आपोआप ढिले पडतात, यासाठी पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाके थंड असताना, ते पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.